चुकलेली नावं आणि रुइजू

तंग रुइजू आमच्या अस्थिभवनात संगणक विभागाची प्रमुख होती. म्याओली शहराबाहेर समुद्राकडे तोंड केलेली एक टेकडी आहे, तिच्यावर आमची इमारत. वरच्या मजल्यांवर अस्थिकलशांचे कप्पे, खाली विधींचं सभागृह, आणि दाराशी मी बसायचे तो काउंटर. रुइजूला सगळे रुइजू-च्ये म्हणायचे, म्हणजे रुइजूताई. मालक वेन वयाने तिच्याहून मोठे, पण तेही च्येच म्हणायचे.

तिची आई झांगहुआ स्टेशनबाहेर वाफवलेले पिठाचे गोळे विकायची. पोरगी गणितात हुशार निघाली, शिष्यवृत्तीवर शिकली, आणि बँकेतली नोकरी सोडून मेलेल्यांच्या नोंदी ठेवायला आमच्याकडे आली. "जिवंत माणसं कमी पडली का तुला?" असं म्हणून आईने कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला होता. रुइजू हे हसत सांगायची. तेव्हा कंपनीत एकच संगणक होता आणि काम नसेल तेव्हा त्यावर भरतकामाचं कापड घालून ठेवलेलं असायचं.

तिचं नाव झालं ते अक्षरांमुळे. आमच्या लिपीत अक्षरं हजारोंनी, तरी आईबापांना ती पुरत नाहीत. जुन्या काळी कोणी बाप दोन अक्षरांचे तुकडे जोडून मुलीसाठी तिसरंच अक्षर घडवायचा, नोंदणी कचेरीतला कारकून ते ब्रशने उतरवून घ्यायचा, की झालं नाव. संगणकाला मात्र असली अक्षरं ठाऊक नसतात. रुइजू ती पडद्यावर ठिपका ठिपका भरून स्वतः काढायची. घरच्यांना शेजारी बसवायची आणि विचारायची, "हा फराटा इथवर, की अजून खाली?" माणसं रडवेली व्हायची. आपल्या आईचं नाव यंत्रात उमटलं, म्हणजे आई आता हरवणार नाही, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

अशी ही बाई. आणि तिच्याच हातून ते घडलं.

वर्षानुवर्षं आमचा सगळा कारभार एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचा. कप्पे कोणाचे, भाडं कधी संपतं, कुठल्या विधीला कोणाचं नाव, सगळं त्यात. पुढे ते बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की आता याची देखभाल बंद, नवीन घ्या. नवीन घ्यायचं म्हणजे खालचा डेटाबेसही बदलायचा. रुइजूने सगळं व्यवस्थित ठरवलं होतं. छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, आमच्याकडे मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून सण उरकल्यावर थंडावलेल्या दिवसांत बदल करायचा. आधी सगळ्या नोंदींची नक्कल काढून तिच्यावर रंगीत तालीम घ्यायची. नावांचे कागद छापून डोळ्यांनी ताडून बघायचे. जुनं यंत्र महिनाभर तसंच चालू ठेवायचं, काही बिघडलं तर परतीची वाट असावी म्हणून.

पण मालकांच्या डोक्यात दुसरंच होतं. शेजारच्या टेकडीवरच्या अस्थिभवनात लोकांना घरबसल्या मोबाइलवरून विधी नोंदवता यायला लागले होते. एका दुपारी सगळे राइस नूडल्स खायला बसले असताना, सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसांच्या देखत मालक म्हणाले, "सणाच्या आधी होईल ना, च्ये? आमच्या च्येला अशक्य काही नाही. ही बाई नसती तर मी अजून दौतटाक घेऊन बसलो असतो."

सगळे हसले. रुइजूपण हसली आणि म्हणाली, "होईल की."

तिच्या विभागात फान ज्येहाव नावाचा माणूस होता. चाळिशीचा, मितभाषी, मान खाली घालून काम करणारा. त्याला तिनेच नोकरीला लावलं होतं. जेवण झाल्यावर तो तिच्यामागून जिन्यापर्यंत आला.

"च्ये, तालीम कधी घ्यायची?"

"हिशेबाची घेतली ना. कप्प्यांचीही झाली. आकडे तंतोतंत जुळले."

"नावांची राहिलीय. तुम्ही काढलेली अक्षरं नव्या डेटाबेसमध्ये..."

"त्यांनी बदलाचा तक्ता दिलाय, फान. जुनं अक्षर, नवं अक्षर. त्यांचा धंदाच आहे तो."

"त्यांचा तक्ता त्यांच्या अक्षरांचा असेल. आपली अक्षरं तुम्ही काढलेली, ती त्यांना कुठून माहीत?"

काउंटरवरून मला दोघं दिसत होती. तिचा चेहरा जरा ताठरला. "तुझं म्हणणं, मला माझीच अक्षरं कळत नाहीत?"

"तसं नाही हो."

"मग कर सही आणि टाक पुढे."

त्याने सही केली नाही. रुइजूनेच केली. 'संपूर्ण तालीम घेतली' या ओळीसमोर तिने आपला शिक्का उमटवला, आणि सणाच्या आधीच्या आठवड्यात नवी प्रणाली सुरू झाली. मोबाइलवरून नोंदी धडाधड यायला लागल्या. मालकांनी सगळ्यांना अननसाचे केक वाटले.

छिंगमिंगच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी कागदाचे कपडे, कागदी पैसे यांची गाठोडी बांधून भट्टीत देतात. प्रत्येक गाठोड्यावर पिवळी चिठ्ठी असते, तिच्यावर मृताचं नाव छापलेलं. भिक्षू नाव वाचतो, मग गाठोडं आगीत. ज्याच्या नावाचं त्याला पोचतं.

दुपार कलायच्या सुमारास लाय आजोबा काउंटरपाशी आले. युआनलीकडचे, नव्वदीला टेकलेले, बरोबर कॉलेजात जाणारी नात. हातात चिठ्ठीची घरच्यांकडे राहणारी अर्धी प्रत.

"पोरी, हे वाच बरं."

मी वाचलं. नावातलं मधलं अक्षर होतं 'गंज'. लोखंडाला चढतो तो.

"ही माझी बायको," आजोबा म्हणाले. "हिचा बाप गवताच्या चटया विणायचा. पोरीने रेशीम नेसावं म्हणून त्याने वर गवत आणि खाली रेशीम असं अक्षर जुळवलं होतं. तुम्ही काय लिहिलंत?"

"आजोबा, आत्ता दुसरी चिठ्ठी काढून देते."

नात ओशाळून म्हणाली, "गाठोडं गेलं जळून. आजोबांनी चष्मा आणला नव्हता. मी आत्ता वाचलं."

आजोबा रागावले नव्हते. त्याने जास्तच वाईट वाटलं. एवढंच म्हणाले, "म्हणजे कुणा भलत्याच बाईला मिळाले ते कपडे. हिने वर्षभर तिकडे काय घालायचं?"

मी वर फोन केला. रुइजू खाली येईपर्यंत आणखी दोन कुटुंबं येऊन उभी राहिली. एकाच्या वडिलांच्या नावात रिकामी चौकट, दुसऱ्या बाईच्या सासऱ्याच्या नावात 'खाटीक'. संध्याकाळपर्यंत शंभराच्या वर गाठोडी चुकीच्या नावाने जळाल्याचं निघालं. जी जी अक्षरं रुइजूने हाताने काढली होती, नेमकी ती.

ती चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली, तेव्हा मान लालबुंद झाली होती. लाय आजोबा तिच्याकडे निरखून बघत होते.

"तूच ना ती? वरच्या खोलीत मला शेजारी बसवून हिचं नाव काढलंस ती?"

"हो."

"तेव्हा रेशमाचा शेवटचा ठिपका विसरली होतीस. मी दाखवला होता."

"हो, आजोबा." आणि मग ती म्हणाली, "यंत्राची चूक झाली."

मला ते ऐकू आलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

नोंदी परत आणायला वेळ लागला नाही. जुनं यंत्र फानने तिला न विचारता चालूच ठेवलं होतं. त्या संध्याकाळीच त्याने जुना डेटाबेस पुन्हा उभा केला आणि नावं जशीच्या तशी आली. पण जे आगीत गेलं होतं ते कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. काउंटरवाल्या आम्हीही होतो. मालक आवाज चढवत नाहीत. चहाचा पेला फिरवत त्यांनी विचारलं, "नावांचा तक्ता कोणी तपासला?"

मग त्यांची नजर रुइजूवर थांबली.

"च्ये?"

रुइजू टेबलाकडे बघत म्हणाली, "नावांचं काम फानकडे होतं."

एवढंच वाक्य. खोटंही म्हणता येणार नाही असं, कारण नावांचं रोजचं काम फानच बघायचा. मी फानकडे पाहिलं. तो रुइजूकडे बघत होता. चिडून नाही, कोणाचं वाक्य अर्धं राहिलं की आपण पुढचं ऐकायला थांबतो ना, तसं. पुढचं वाक्य आलं नाही. मग त्याने मान खाली घातली.

त्याच दिवशी त्याला संगणकावरून काढून धूप-कागदाच्या कोठारात टाकलं. महिना संपायच्या आत त्याने राजीनामा दिला.

चुकलेल्या नावांसाठी आमच्या कंपनीने पुन्हा विधी करून द्यायचं ठरवलं आणि घरोघरी माफी मागायला मालकांनी रुइजूला पाठवलं. काउंटरवर लोक मला ओळखायचे, म्हणून मला बरोबर दिलं. फळांची टोपली घेऊन आम्ही दारोदार हिंडलो. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे चहा. एका बाईने टोपली दाराबाहेरच ठेवायला लावली आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्याला खाटीक केलंत. आयुष्यभर शाकाहारी होता माणूस." रुइजू कमरेत वाकून उभी राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शिव्या देतात ते बरं आहे गं."

लाय आजोबांच्या घरी त्यांनी आम्हाला पितरांच्या चौरंगापुढे नेलं.

"माफी मला कशाला मागतेस? तिला माग. ती बोलेल."

त्यांनी लाकडाचे दोन तुकडे तिच्या हातात दिले, चंद्रकोरीच्या आकाराचे. जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. रुइजूचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. देवळात आम्ही असे तुकडे टाकायला लागलो की ती शक्यतेचं गणित सांगून आम्हाला चिडवायची. तिने गुडघे टेकले, तुकडे टाकले. दोन्ही पालथे. नकार. पुन्हा टाकले. पुन्हा पालथे.

"हट्टी होती," आजोबा म्हणाले. "परत टाक."

तिसऱ्यांदाही पालथेच.

आजोबा खुर्चीतून पुढे वाकले. "तुझं काही सांगायचं राहिलंय का गं?"

"नाही," रुइजू म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटलं, तुकड्यांनी घाबरली. मी म्हटलं, "च्ये, पडतात कधी कधी तसे."

"तुकड्यांचं काही नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने सरळ विचारलं. आणि मी देवासमोर नाही म्हणाले. माझा देवावर विश्वास नाही, तरी म्हणाले."

मग तिने मला सगळं सांगितलं. तालीम घेतली नव्हती, शिक्का आपला होता, फान अडवत होता. निम्मं मला माहीत होतंच. मी तसं म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. आपल्या गुपिताला साक्षीदार आहे, आणि तो इतके दिवस आपल्याला रोज चहा आणून देत होता, हे कळल्यावर माणसाचा होईल तसा.

दुसऱ्या सकाळी ती मालकांकडे गेली. काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. तिने सगळं सांगितल्यावर मालक म्हणाले, "मला अंदाज होता."

"मग फानला का घालवलंत?"

"च्ये, फानसारखे दोन मिळतील. तू गेलीस तर ही अक्षरं कोण बघणार? बस, चहा घे."

तिला वाटलं होतं आपल्याला काढतील. काढलं असतं तर सुटली असती. तिने प्रमुखपद सोडायचं पत्र टेबलावर ठेवलं, मालकांनी ते खणात सारलं. शेवटी तिने अडून सांगितलं की, ज्यांच्यासमोर फानचं नाव घेतलं त्या सगळ्यांसमोर मला बोलू द्या, नाहीतर मी येणारच नाही. सोमवारी ती बोलली. लोक मोबाइल बघत होते, काहींना अवघडल्यासारखं झालं. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस तर म्हणाला, "जाऊ द्या हो, आता झालं गेलं."

फान तोवर शिंचूला एका छोट्या दुकानात लागला होता, संगणक दुरुस्तीच्या. ती त्याला भेटायला गेली. त्याने स्टूल पुढे केलं, कामातून मान वर केली नाही.

"फान, मी सांगितलंय सगळ्यांना. परत ये. पद तुझं, मी तुझ्या हाताखाली काम करते."

"नको, च्ये."

"का रे?"

"त्या दिवशी मला वाटलं होतं, पुढचं वाक्य तुम्ही बोलाल. मी थांबलो होतो." त्याने स्क्रू कागदावर ठेवला. "अजून कधी कधी वाटतं, थांबलोच आहे."

ती उठायला लागली तेव्हा तो म्हणाला, "एक कराल? माझ्या बायकोला सांगा. मी तिला खरं सांगितलं, पण तिला वाटतं मीच चूक करून तुमच्यावर ढकलतोय. तुम्ही तिला देवासारख्या वाटायच्या ना."

फानच्या घरी ती मला बरोबर घेऊन गेली. एकटीला पाय उचलेना, असं म्हणाली. त्याची बायको पेइरू एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने आमच्यापुढे चिरलेले पेरू ठेवले, वर आलुबुखाराची पूड भुरभुरली, आणि आनंदाने म्हणाली, "च्ये, तुम्ही आमच्याकडे!"

रुइजूने पेरूला हात लावला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. पेइरू ऐकत होती. आधी हसू गेलं, मग रंग गेला.

"मी त्याला काय काय बोलले," ती हळूच म्हणाली. "पोरांसमोर बोलले. म्हटलं, ज्या बाईने तुला भाकरी दिली तिच्यावर कसलं बालंट आणतोस."

"चूक माझी होती."

"ते कळलं हो." ती उठली, पेरूची ताटली उचलली. आत नेऊन ठेवायची की पुन्हा पुढे करायची हे तिला ठरवता येईना, तशीच उभी राहिली. "पण या माफीचं मी आता करू काय? मी त्याची मागू, की तुमच्याकडून घेऊ?"

आम्ही निघालो. पेइरूने दार लावून घेतलं, आपटलं नाही.

सणाचा गडबडीचा मोसम संपला, सातव्या महिन्यातले भुताखेतांचे विधीही उरकले, आणि शरदात प्रणाली पुन्हा बदलायची वेळ आली. या वेळी रुइजू मालकांना म्हणाली, तारीख मी सांगेन, आणि मालकांनी मान डोलावली. तिने नोंदींची नक्कल काढून तिच्यावर तालीम घेतली, चुका दुरुस्त केल्या, पुन्हा घेतली. हाताने काढलेलं प्रत्येक अक्षर मोठं छापलं आणि ज्यांची होती त्या घरच्यांना एकेक करून बोलावलं. जुनं यंत्र तिने स्वतः चालू ठेवलं आणि वर कागद चिकटवला, 'हात लावू नका'. लाय आजोबाही आले. या वेळी चष्मा आणला होता. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. "ठिपका आहे," म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात घातला. तो त्यांना द्यायचा नव्हता, पण कोणी मागितला नाही.

बदल झाला तो एका साध्या मंगळवारी, सकाळी. काही बिघडलं नाही. दुपारी खाली लोक आले, कप्पे उघडले, चिठ्ठ्या छापल्या, कोणाला काही बदललं असं कळलंही नाही. वर विभागात टाळ्या वाजल्या म्हणे. मी डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर गेले तर रुइजू तिथे बसलेली, समोर समुद्र, हातात न सोललेलं उकडलेलं रताळं.

"छान झालं की, च्ये," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"मग असं तोंड का?"

"किती सोपं होतं गं," ती म्हणाली. "दोन आठवड्यांचं काम. फार तर तीन. अवघड असतं तर म्हणता आलं असतं की जमलं नाही." तिने रताळं पुन्हा कागदात गुंडाळलं. "मी एका माणसाला घालवलं, आणि ते दोन आठवडे वाचवण्यासाठीही नाही. जेवताना कोणी चार माणसांत वाहवा केली, तेवढ्यासाठी."

शेजारी बसून मी माझा डबा उघडला.

ती अजून आमच्याकडेच आहे, केस पिकलेत. प्रमुख दुसराच कोणी आहे. फान आता शिंचूत स्वतःचं दुकान चालवतो असं ऐकलं. नव्या वर्षाला ती त्याला मोबाइलवर शुभेच्छा पाठवते, तो वाचतो, उत्तर देत नाही. ती म्हणते, वाचतो हे दिसतं ना, पुरे.